माझ्या वाफ्यातलं तण

सुमन,

तुझ्या अंत्ययात्रेला एकसष्ट शिक्षक आले होते. मी मोजले. परीक्षा तोंडावर आलेल्या, वार कामाचा, तरी मुरबाडहून, शहापूरहून, पार डोळखांबच्या आश्रमशाळेतून माणसं मिळेल त्या एसटीने आलेली. तुझ्या अंगणात उभ्या उभ्याच मी दुसराही हिशेब करून टाकला, की मी गेले तर किती येतील. सात. त्यातले दोन माझे सख्खे भाऊ, म्हणजे ते धरायचे नाहीत. आता तू म्हणशील, बाई, मयतीला येऊनपण तू हेच करत होतीस? हो, हेच करत होते. तू आडवी होतीस आणि मला तुझा हेवा वाटत होता. बारा वर्षांची सवय एका दिवसात कशी जाईल?

येताना आंबिवली स्टेशनपासून तुमच्या गावापर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना राब भाजत होते. तेच ते. शेण, पालापाचोळा, काटक्या, वाळलं गवत यांचे थर वाफ्यावर पसरायचे, वर माती टाकायची आणि पेटवून द्यायचं, म्हणजे जमिनीतलं तणाचं बी जळतं आणि पाऊस पडल्यावर त्या भाजलेल्या जागेत भाताची रोपं स्वच्छ उगवतात. तुझ्या आजीपणजीपासून चालत आलेली पद्धत. तुझं-माझं भांडण याच धुरात सुरू झालं होतं, आणि तुला शेवटचं बघायला निघाले तर वाटेत डोळ्यात तोच धूर.

आपण भेटलो तेव्हा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये पुठ्ठ्याची खोकी बनवणाऱ्या एका कारखान्याच्या वर आमच्या संस्थेची खोली होती. संस्था म्हणजे मी, एक टाइपरायटर आणि महिन्यातून एकदा चहा प्यायला येणारे अध्यक्ष. शाळांमधल्या कार्यानुभवाच्या शिक्षकांना शेती शिकवायची, म्हणजे ते मुलांना शिकवतील. आणि ती शेतीही अशी, की जमिनीचा कस टिकेल आणि दर हंगामाला विकतच्या खतांच्या पोत्यांवर सगळं अडणार नाही. शाश्वत शेती हा शब्द तेव्हा आमच्या अध्यक्षांनाही धड उच्चारता येत नव्हता. पण दिल्लीची एक देणगीदार संस्था अशा प्रशिक्षणाला अनुदान देते असं कळलं आणि मी दोन महिने खपून प्रस्ताव लिहिला. सव्वीस पानं, इंग्रजीत, माझ्या हाताने टाइप केलेली. वर्गात आम्ही तीनच मुली असताना मी शेतीची पदवी घेतलेली, त्याचा मला केवढा ताठा! डोंबिवलीच्या दोन खोल्यांत वाढलेली, चिखलात कधी पाय न घातलेली मी, पण भातावरच्या किडींची लॅटिन नावं तोंडपाठ.

अनुदानाला एक अट होती. प्रशिक्षकांत स्वतः शेती करणारी एखादी स्थानिक शिक्षिका हवी. कुणीतरी तुझं नाव सुचवलं: जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई, घरची भातशेती, नवरा शेतावरच. तू खोपटच्या एसटी डेपोपासून चालत आलीस, हातात वालाच्या शेंगांची पिशवी. मी शिष्टाचार म्हणून खुर्चीतून उठले.

"बस गो बाई, उठतस कशाला? चढून मी आली ना, तू नाय."

पहिल्याच वाक्यात मला 'तू'. तुमच्या बोलीत सगळ्यांनाच 'तू' म्हणतात हे मला मागाहून कळलं. त्या दिवशी मात्र माझ्या पदवीचा अपमान झाल्यासारखं वाटलं. शाळेत तू शुद्ध पुस्तकी बोलायचीस आणि माझ्याशी मुद्दाम घरचं. शेवटपर्यंत मला 'बाई' म्हणालीस आणि शेवटपर्यंत 'तू' केलंस. आता तसं हाक मारणारं कोणी उरलं नाही.

मी तुला प्रस्ताव मराठीत समजावून सांगत होते. 'राब निर्मूलन' या मथळ्यापाशी आले तेव्हा तू शेंगा सोलत होतीस. हो, माझ्या कार्यालयात, माझ्या टेबलावर.

"राब नाय भाजायचा? मंग काय करायचं?"

"गादीवाफा करायचा. उंच, भुसभुशीत, चांगलं कुजलेलं शेणखत घालून. पालापाचोळा जाळायचा नाही, त्याचंच खत करायचं."

"आन तन?"

"तण फारसं येत नाही."

"तुझ्या कालेजान नसंल येत. आमच्या शेतान येतं. ते कोन काढंल, तू?"

आणि तू हसलीस. मी नाही हसले. सुमन, हा प्रश्न तू मला किती सहज विचारला होतास, आणि पुढे तो माझ्या किती अंगाशी आला.

देणगीदार संस्थेच्या दिल्लीच्या बाईंची पाहणी एप्रिलमध्ये ठरली. तारीख मी त्यांच्या सोयीने दिली. गावोगाव राब भाजायचे तेच दिवस असतात हे माझ्या डोक्यातच आलं नाही. शेतकी पदवीधर मी! आम्ही जीपने तुमच्या शिवारात शिरलो तर सगळीकडे धूर. पहिल्या वीस पानांत ज्याचं निर्मूलन लिहिलं होतं ते चारही बाजूंनी पेटलेलं, आणि त्याच्या मधोमध तू. तोंडाला काळं, पदर खोचलेला, हातात लांब काठी.

मी घाईघाईने सांगू लागले, की हीच ती मागास प्रथा, ही आम्ही बंद करणार. त्या बाई माझं ऐकता ऐकता सरळ तुझ्याकडे गेल्या आणि हिंदीत विचारलं, का जाळता? तुझं ते हिंदी मला अजून शब्दन् शब्द आठवतं. "मॅडम, हमारे को भी मालूम है ना, पाला जलता है तो खाद भी जलता है. पर ये बाई खाली बोलती है, दिखाती नहीं. मेरे खेत में दिखाएगी तो मैं नहीं जलाएगी. और मैं नहीं जलाएगी तो सब मास्तर लोगों को मैं खुद सिखाएगी."

बाई खळखळून हसल्या आणि तिथेच बांधावर बसल्या. तू त्यांना राखेत भाजलेल्या वालाच्या शेंगा खायला दिल्यास. माझी सव्वीस पानं जीपमध्येच राहिली.

महिन्याभरात मंजुरीचं पत्र आलं. तीन वर्षांचं अनुदान. तुझ्या शेतात दोन वाफे शेजारी शेजारी करायचे, एक राबाचा आणि एक गादीवाफा, आणि ते शिक्षकांना दाखवून शिकवायचं. मुख्य प्रशिक्षक म्हणून तुझं नाव. माझ्यासाठी त्याखाली एक ओळ होती: अहवाल आणि पत्रव्यवहार. मी ते पत्र चार वेळा वाचलं. त्या दिवशी डबा तसाच घरी परत नेला. आई म्हणाली, "काय गं, अनुदान नाही मिळालं?" मी म्हटलं, मिळालं. आणि न्हाणीघरात जाऊन रडले. हे मी तुला कधी सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी तू पेढे घेऊन आलीस आणि माझ्या तोंडात कोंबून म्हणालीस, "तुझ्या इंग्रजीन मिलाला गो बाई."

मग ते वर्ग. आधी माझं व्याख्यान, तक्ते लावून. चाळीस शिक्षक भिंतीला टेकून बसायचे आणि नत्र, स्फुरद, पालाश म्हणता म्हणता निम्म्यांच्या माना कलायच्या. नंतर तू उठायचीस. "चपला काढा आन चला." बस्स. सगळे ताठ! प्रत्येकाला तू मूठभर माती हातात घ्यायला लावायचीस, वास घ्यायला लावायचीस, पाण्यात विरघळवून बघायला लावायचीस. मुरबाडच्या एका सरांना विचारलंस, "तुमच्या शाळेमागं काय उगवतं?" ते म्हणाले, काही नाही, नुसतं रान. तू म्हणालीस, "रान म्हंजे काही नाही? जा, त्यातल्या धा झाडांची नावं पोरांनला विचारून या, मंग फुडचं शिकवते." पुढच्या खेपेला ते चौतीस नावं लिहून घेऊन आले. मला ते नमस्कार करायचे, तुझ्यासाठी चिबूड आणायचे.

पत्रं यायची तीही तुझ्याच नावाने, माझ्या पत्त्यावर. मी फोडून, वाचून, नोंद करून तुला द्यायचे. माझं कामच ते होतं, पत्रव्यवहार.

आता खरं ते लिहिते.

पहिल्या जूनमध्ये नोंदी ठेवण्यासाठी म्हणून मी तीन आठवडे तुझ्या घरी राहिले. तुझ्या नवऱ्याने, काशिनाथरावांनी, माझ्यासाठी पडवीत खाट टाकली होती. दोन्ही वाफ्यांवर एकाच दिवशी बी पेरलं. आठव्या दिवशी बघते तो तुझ्या राबात हिरवीगार, एकसारखी रोपं आणि माझ्या गादीवाफ्यात रोपांच्या बरोबरीने तण. लव्हाळा, आणि ते भातासारखंच दिसणारं गवत. मी तिथे उभी राहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. चाळीस शिक्षक महिनाअखेरीला दोन्ही वाफ्यांची तुलना बघायला यायचे होते. ते बघणार, तू जिंकणार, आणि तू जिंकूनसुद्धा नेहमीसारखी हसणार. ते हसणं मला सहन झालं नसतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी मी टमरेल घेऊन बाहेर पडले. तेव्हा तुमच्याकडे संडास नव्हता. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्या बाईला कुठे चाललीस म्हणून कोणी विचारत नाही. मी थेट वाफ्यावर गेले, उकिडवी बसले आणि बोटांनी तण उपटायला लागले. जेवढं हाताला लागेल तेवढं. उपटलेलं बांधापलीकडे फेकलं, टमरेलातल्या पाण्याने हात धुतले आणि घरी येऊन तुझ्या हातचा चहा प्याले. असं बारा पहाटे केलं. नखांत माती जायची ती मी केसांच्या पिनेने काढायचे. सुमन, आयुष्यात शेती म्हणून मी जी काही केली ती एवढीच.

मग तो दिवस आला. शिक्षक बांधावर ओळीने उभे. दोन्ही वाफे सारखेच हिरवे, सारखेच स्वच्छ. उलट माझी रोपं बोटभर उंच. तू खाली बसलीस, दोन्हीकडून एकेक मूठ रोपं उपटलीस, मुळं धुतलीस, उजेडात धरलीस. बराच वेळ बघत राहिलीस. मी वहीतले आकडे उगाच पुन्हा तपासले. मग तू उभी राहिलीस आणि शाळेतल्या शुद्ध आवाजात म्हणालीस, "सावंतबाईंचं बरोबर आहे. मी हरले."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि तू हसलीस! तेच हसू. जिंकून हसली असतीस तसंच. मी संध्याकाळची एसटी पकडून ठाण्याला आले आणि अहवाल टाइप केला. त्यात एक रकाना होता, 'जादा मजूर लागले का?' मी लिहिलं, नाही.

पुढच्या वर्षी तू तुझ्या सगळ्या शेतावर राब बंद केलास. सासूबाई तुला काय काय बोलल्या ते मी पडवीत बसून ऐकलं. "शिकलेल्या बाईचं ऐकून शेत घालवलंस." तुझे वाफे तणाने भरले. शाळेच्या आधी तास, शाळेनंतर दोन तास तू वाफ्यात बसलेली असायचीस. तुझे गुडघे तेव्हापासून दुखायला लागले. मी रविवारी यायचे, वही घेऊन बांधावर उभी राहायचे, आणि दर रविवारी ठरवायचे की आज सांगायचं. एका वाक्याचं तर काम होतं. पण ते वाक्य बोलले असते तर तू जिंकली असतीस, आणि मी कायमची लहान झाले असते. तुझ्या गुडघ्यांपेक्षा मला ते मोठं वाटलं. हे असंच होतं.

आणि तू काय केलंस? तिसऱ्या वर्षी तू मला वाफ्यावर ओढत नेलंस. विहिरीच्या पाण्याने तू मे महिन्यातच वाफा भिजवला होतास. तण आलं तसं उलटून मातीत गाडलं. पुन्हा भिजवला, पुन्हा आलेलं गाडलं, वर भाताचा पेंढा झाकला. मग पेरणी. तण जवळजवळ नाहीच. वाफ्यातला पालापाचोळा न जाळता, मजूर न लावता.

"बघ बाई. तुझं खरं झालं."

माझं खोटं तू दोन वर्षं गुडघ्यांवर बसून खरं केलं होतंस. मला तुझ्या पाया पडावंसं वाटायला हवं होतं. मला काय वाटलं सांगू? आता ही पद्धतही हिची झाली, असं वाटलं. झालंही तसंच. जिल्हाभर शिक्षक तिला 'सुमनताईंचा वाफा' म्हणायला लागले. मी प्रत्येक वेळी दुरुस्त करायचे, "सुधारित गादीवाफा म्हणा." कोणी म्हटलं नाही.

पुस्तिका छापायची वेळ आली तेव्हा आपण खोपटच्या डेपोत भांडलो, आठवतं? मुरबाडची गाडी लागली नव्हती. मी म्हटलं, मांडणी माझी आहे, भाषा माझी आहे, मुखपृष्ठावर नाव कोणाचं ते आत्ताच ठरवू. भांडलो म्हणते, पण भांडत मी एकटीच होते. तू शेंगदाणे खात होतीस.

"तुझंच टाक. मना काय करायचंय नावाचं?"

"असं नको बोलूस. दोघींचं टाकू म्हण, नाहीतर तुझंच टाक म्हण. काहीतरी माग ना गं!"

"कशाला मागू? ज्याला भूक त्यानं जेवावं."

माझा इतका संताप झाला की मी तुझ्याबरोबर गाडीत न बसता घरी निघून आले. पुस्तिका माझ्या एकटीच्या नावाने निघाली. तू तिच्या शंभर प्रती पिशवीतून घेऊन गावोगाव वाटल्यास, आणि देताना प्रत्येकाला म्हणायचीस, "आमच्या बाईनं लिवलंय." एखाद्याचा हेवा करावा आणि त्याने साधा कधी रागही धरू नये, याच्याइतका जाच नाही. तू एकदा तरी चिडली असतीस, एकदा तरी माझं काही हिसकावून घेतलं असतंस, तर आपली फिटंफाट झाली असती.

गेल्या महिन्यात तू आजारी आहेस कळलं तेव्हा ते वाक्य घेऊन मी आले होते. खरंच आले होते. मोसंबी आणि ते वाक्य. तू अंथरुणात होतीस, हात काटकुळे झालेले. मी खुर्ची ओढली तर तू म्हणालीस, "बाई, मेच्या तुकडीला कोन कोन येतंय?" मी नावं सांगत बसले. डोळखांबच्या नव्या बाईंबद्दल तू दोनदा विचारलंस, तिची जमीन मुरमाड आहे, तिला पेंढा जास्त लागेल. मी ते वहीत लिहून घेतलं. मोसंबी ठेवली. वाक्य परत घेऊन आले.

काल तुझी शोकसभा झाली, तुझ्याच शाळेच्या मोठ्या वर्गात. भाषणं झाली. पहिल्या तुकडीतले मुरबाडचे सर उठले, तेच चौतीस नावांवाले. आता निवृत्तीला आले आहेत. त्यांनी पिशवीतून एक जुनी वही काढली. म्हणाले, सुमनताईंनी शिकवलेलं सगळं मी त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवलं आहे, त्यातलं एक पान वाचतो. दोन वाफ्यांची तुलना झाली त्या संध्याकाळचं. सावंतबाई ठाण्याला गेल्यावर ताईंनी आम्हाला पुन्हा खाली बसवलं आणि हे सांगितलं, पुढे प्रत्येक तुकडीलाही सांगत आल्या.

आणि त्यांनी वाचलं: "गादीवाफ्याला पहिले दोन आठवडे रोज पहाटे हाताने तण काढावे लागते. ते न काढल्यास रोप दबते. सावंतबाईंनी हे स्वतः बारा दिवस केले. त्या कोणाला सांगणार नाहीत. त्यांना याबद्दल विचारू नये. पण तुम्ही शाळेत वाफा कराल तेव्हा हे विसरू नये."

सुमन, माझी कानशिलं तापली. चाळीसच्या चाळीस जणांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! त्यांच्यानंतर आलेल्या प्रत्येक तुकडीला ठाऊक होतं. जे गुपित मी बारा वर्षं छातीशी धरून बसले ते आख्ख्या जिल्ह्याच्या शिक्षकांच्या वह्यांत लिहिलेलं होतं, आणि माझ्या साधेपणाचं उदाहरण म्हणून! सगळे माझ्याकडे वळून कौतुकाने बघत होते. एक नवीन शिक्षिका तर डोळे पुसत होती.

मी उठले. मला बोलायचं नव्हतं, पण उठले. म्हटलं, "ते मी शिकवायला नव्हतं केलं. सुमनला हरवायचं होतं म्हणून चोरून केलं. आणि अहवालात खोटं लिहिलं."

डोळे पुसणाऱ्या शिक्षिकेने रुमाल खाली घेतला. मग मागच्या बाकावरून काशिनाथराव बोलले. इतकी वर्षं घरी येऊनजाऊन मी त्यांचा आवाज असा मोठ्याने कधी ऐकला नव्हता.

"ठाव हाय गो बाई. पयल्याच दिशी कललं आमाला. तू तन बांधापल्याड एकाच जागी टाकायचीस. आमच्या शेल्या रोज सकाली तिथं जाऊन तुझी वाट बघत उभ्या."

कोणीतरी हसलं. मग सगळेच हसले, तुझ्या फोटोसमोर. मीही हसले, काय करू?

हसू ओसरल्यावर ते हळू आवाजात म्हणाले, "मी तिला बोललो, सगल्यांसमोर सांग. तं ती बोल्ली, नको. ती रोज पहाटे तन काढते, म्हंजे तिला शेती यायला लागली. जिंकू दे तिला."

मी खाली बसले. नंतरचं फारसं आठवत नाही.

घरी आल्यापासून मला रडू येतंय, आणि खरं सांगू, संतापही येतोय. माझं एक गुपित होतं, तेही तुझंच निघालं. माझा एक विजय होता, तो तू दिलेला निघाला. बारा वर्षं मी जो अपराध वागवला, ज्याच्यापायी तुझ्या नजरेला नजर देताना चाचरले, तो तू पहिल्याच संध्याकाळी माफ करून, वर धडा म्हणून शिकवून मोकळी झाली होतीस. मला नुसतं सांगायचंस तरी. एकदा म्हणायचंस, बाई, मना ठाव हाय. मग मी तुझ्याशेजारी वाफ्यात बसले असते. बारा वर्षं बांधावर उभी राहिले नसते. एवढी एक गोष्ट तुझी चुकली, सुमन. तुझी चूक सापडली याचं मला किती बरं वाटतंय म्हणून सांगू.

दिल्लीहून पुढच्या तीन वर्षांच्या अनुदानाचे कागद आले आहेत. नवा प्रस्ताव उद्या टपालात पडायला हवा. आता संगणक आहे, पण हा मी घरी आणून ठेवलेल्या जुन्या टाइपरायटरवर करायला घेतला. 'जादा मजूर लागतात का' या रकान्यात मी लिहिलं: होय, पहिली दोन वर्षं, रोज पहाटे, आधीच्या अहवालातली माहिती मी जाणूनबुजून चुकीची दिली होती. खाली सही केली. अनुदान राहील की जाईल ते ठाऊक नाही. पण डोळखांबच्या बाई शाळेमागे वाफा करतील तेव्हा तण बघून त्यांच्या पोटात खड्डा पडायला नको.

शेवटच्या पानावर आहे 'मुख्य प्रशिक्षक'. पहिल्या मंजुरीपासून मला हवी असलेली जागा. बारा वर्षांत पहिल्यांदा ती रिकामी आहे, आणि तिथे नाव घालण्याचा अधिकार अध्यक्षांनी माझ्याकडेच दिला आहे. काल रात्रीपासून कागद यंत्रात तसाच आहे. दोनदा माझं नाव टाइप करायला बोटं ठेवली. मग उठले, गॅलरीतल्या कुंडीत पावसाची वाट न बघता आलेलं तण दिसलं, ते बसून काढलं, आणि हात न धुताच परत येऊन त्या रकान्यात तुझं नाव घातलं.

हे चालणार नाही, मला माहीत आहे. ते पत्र पाठवून विचारतील. उत्तर मलाच लिहावं लागेल, पत्रव्यवहार माझ्याकडेच आहे.